गाडी किती देते? वहीला विचारा



आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की मुबारकबाद देऊन होते, पेढा तोंडात पडतो आणि लगेच प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग कोणता, माणसे किती बसतात, हे सगळे नंतर. गाडी हायब्रीड असेल तर विचारणाऱ्याची मान आणखी पुढे येते. कारण हायब्रीड घेताना दोन-तीन लाख रुपये जास्त मोजलेले असतात आणि ते पेट्रोलमधून वसूल होतील या भरवशावरच मोजलेले असतात.

गंमत अशी की या एका प्रश्नाला एकाच घरात तीन उत्तरे मिळू शकतात. अब्बा शोरूममध्ये ऐकलेला आकडा सांगतात, २८. मुलगा समोरच्या स्क्रीनवर पाहून म्हणतो, २३. अम्मी महिनाअखेरीस पेट्रोलच्या पावत्या जोडतात तेव्हा उत्तर येते २१. तिघांपैकी खोटे कुणीच बोलत नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली असते. पण घराच्या खिशातून पैसे जातात ते तिसऱ्या आकड्याप्रमाणे. हा तिसरा आकडा नीट कसा काढायचा आणि वर्षभर लिहून ठेवल्यावर तो काय काय सांगतो, याबद्दल आज बोलू. ज्यांच्याकडे साधी पेट्रोल गाडी किंवा दुचाकी आहे त्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

आधी हायब्रीड म्हणजे काय

हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर व बॅटरी. ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होते आणि बॅटरीत साठते. सिग्नलला, गर्दीत, हळू चालताना तीच वीज गाडी पुढे नेते आणि इंजिन बंद राहते. साध्या गाडीत हीच शक्ती ब्रेक तापवण्यात वाया जाते.

टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस विकायला काढली. मोठ्या संख्येने बनलेली ही पहिली हायब्रीड कार. आपल्याकडे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या विचारात ही गाडी आली ती २०२२ पासून. त्या एका वर्षात होंडा सिटीची हायब्रीड, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आल्या आणि वर्ष संपता संपता इनोव्हा हायक्रॉसही दाखल झाली. दुबईत टॅक्सी म्हणून हायब्रीड कॅमरी कधीच्या धावतात, त्यामुळे आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणातल्या मंडळींना ही गाडी आधीपासून ओळखीची आहे.

इथे एक सावधगिरी. 'माइल्ड हायब्रीड' किंवा 'स्मार्ट हायब्रीड' असे लिहिलेल्या गाड्या वेगळ्या. त्यांतली छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते, पण एकटी गाडी चालवू शकत नाही. मी बोलते आहे ती 'स्ट्राँग हायब्रीड'बद्दल.

कागदावरचा आकडा कुठून येतो

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रीडचा जाहीर आकडा आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. असे आकडे आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये चाचणी होऊन ठरतात. गाडी बंद खोलीत रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सुमारे वीस मिनिटे चालवतात. वेग जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. घाट नाही, पाऊस नाही, मागे बसलेले पाहुणे नाहीत आणि टपावर गाद्याही नाहीत.

ही फसवणूक नाही. सगळ्या मुलांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी तशी ही सगळ्या गाड्यांची एकच परीक्षा आहे. दोन गाड्यांची तुलना करायला ती बरी. पण परीक्षेतल्या गुणांवरून मुलगा दुकान कसे चालवेल हे जसे कळत नाही, तसेच तुमच्या रस्त्यावर गाडी किती देईल हे या आकड्यावरून कळत नाही.

हा अनुभव फक्त आपलाच नाही. अमेरिकेत २००४ ते २००७ च्या प्रियसला सरकारी चाचणीत ५५ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे २३.४ किलोमीटर असा आकडा मिळाला होता. चालवणाऱ्यांच्या वह्यांत मात्र तो उतरत नव्हता. पुढे तिथल्या पर्यावरण खात्याने २००८ च्या मॉडेलपासून पद्धत बदलली. जास्त वेग, एसी आणि थंडी हे तिन्ही हिशेबात घेतले. त्याच जुन्या प्रियसचा आकडा नव्या पद्धतीने ४६ मैलांवर, म्हणजे लिटरला साडेएकोणीस किलोमीटरवर आला. गाडी तीच होती, बदलले ते माप.

युरोपने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे २०२१ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये खरे जळलेले इंधन मोजून साठवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदींवरचा अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. पेट्रोल गाड्या कागदापेक्षा सुमारे २४ टक्के आणि डिझेल गाड्या सुमारे १८ टक्के जास्त इंधन पीत होत्या. घरी प्लगला लावून चार्ज करायच्या हायब्रीड तर सरासरी साडेतीन पट! कारण उघड आहे: चाचणीत गृहीत धरले तितक्या वेळा लोक त्या चार्ज करतच नव्हते.

मोजायचे कसे

कागद बाजूला ठेवला तर उरतो समोरचा स्क्रीन. तो वाईट नाही. आज कालच्यापेक्षा बरे चालवले की नाही, हे तो चांगले सांगतो. पण पेट्रोल तो प्रत्यक्ष मापाने मोजत नाही, इंजिनात किती सोडले त्याचा अंदाज बांधतो आणि बहुधा थोडा उदार असतो. म्हणून अनुभवी हायब्रीडवाले पंपाची पावतीच प्रमाण मानतात. त्यांची पद्धत जुनीच आहे, टाकी फुल्ल करण्याची.

नोझल आपोआप बंद पडेपर्यंत पेट्रोल भरा. 'कट' झाल्यावर आणखी ओतायला लावू नका. ते टाकीलाही बरे नाही आणि हिशेबालाही. ट्रिप मीटर शून्य करा. गाडी नेहमीसारखी वापरा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा कट होईपर्यंत भरा. समजा ट्रिप मीटर ६१२ दाखवतो आणि पावतीवर २९.४ लिटर आहेत. ६१२ भागिले २९.४ म्हणजे २०.८. झाला हिशेब.

वहीत प्रत्येक वेळी एक ओळ लिहायची: तारीख, मीटरचे एकूण रीडिंग, लिटर, रुपये, टाकी फुल्ल केली की अर्धवट आणि शेवटी दोन शब्दांचा शेरा. 'कुंभार्ली घाट, सहा माणसे.' 'फक्त शाळा-बाजार.' 'टायर नवे.' हा शेरा आज फालतू वाटतो, सहा महिन्यांनी तोच सगळ्यात उपयोगी पडतो. मधे कधी पाचशे रुपयांचेच भरले तर तेही लिहा. ते लिटर पुढच्या फुल्लच्या हिशेबात मिळवायचे.

एका टाकीवर विश्वास का नको

पहिल्या टाकीला २४ आले म्हणून पाहुण्यांत सांगू नका आणि १८ आले म्हणून शोरूमवर धावूही नका. नोझल प्रत्येक वेळी अगदी त्याच पातळीला बंद पडते असे नाही. गाडी किंचित तिरकी उभी असली किंवा पेट्रोलचा जोर कमी-जास्त असला तरी लिटर-दीड लिटरचा फरक पडतो. ६०० किलोमीटरला खरे ३० लिटर लागले असतील, म्हणजे २०. दीड लिटर कमी भरले गेले तर उत्तर २१ येते, जास्त भरले गेले तर १९.

अमेरिकेतल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या प्रियसवाल्यांना हा त्रास फारच होता. त्या गाड्यांच्या टाकीत लवचिक पिशवी असे. थंडीत ती कडक होई आणि टाकीत पेट्रोल कमी मावे. साहजिकच एका टाकीच्या आकड्याला अर्थ उरत नसे, म्हणून तिथे महिनोन्महिने नोंद ठेवण्याची सवय लोकांना लागली.

बऱ्याच टाक्यांची नोंद ठेवली की ही चूक आपोआप विरघळते. या खेपेला दीड लिटर कमी भरले गेले तर पुढच्या खेपेला तेवढे जास्त जाते. दहा टाक्यांनंतर शिल्लक राहते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली चूक. ६००० किलोमीटर आणि ३०० लिटर यांत दीड लिटर म्हणजे अर्धा टक्का. आता उत्तर २० च्या आसपासच येणार, १९ किंवा २१ नाही.

बॅटरीचेही तसेच. "त्या दिवशी बॅटरी भरलेली होती म्हणून ॲव्हरेज चांगले आले," असे काहीजण म्हणतात. चार किलोमीटरच्या फेरीत ते खरे असू शकते. पण ग्रँड व्हिटारासारख्या गाडीची हायब्रीड बॅटरी फक्त ०.७६ युनिटची असते. ती पूर्ण रिकामी केली तरी पाव लिटर पेट्रोलचेही काम होत नाही. सबंध टाकीच्या हिशेबात ती दिसतसुद्धा नाही.

सरासरीची सरासरी काढू नका

शाळेत आठवीच्या वर्गात मी हे गणित हमखास घालते. गाडी ३०० किलोमीटर गेली, लिटरला ३० दिले. पुन्हा ३०० गेली, १५ दिले. सरासरी किती? अर्धा वर्ग ओरडतो, साडेबावीस! पण पहिल्या खेपेला १० लिटर लागले, दुसऱ्या खेपेला २०. एकूण ६०० किलोमीटर, ३० लिटर. उत्तर २०. म्हणून वर्षअखेरीस प्रत्येक टाकीचे आकडे मिळवून भागू नका. एकूण किलोमीटर घ्या, एकूण लिटरने भागा.

लिटरला किती किलोमीटर, या भाषेचा आणखी एक चकवा आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो दाखवून दिला. आपल्या मापात सांगायचे तर असे. समजा घरात दोन गाड्या आहेत. एक जुनी, १० देणारी. तिच्या जागी साडेबारा देणारी आणायची. दुसरी २० देणारी, तिच्या जागी ३० देणारी हायब्रीड आणायची. कशात पेट्रोल जास्त वाचेल? सगळे म्हणतील, दुसऱ्यात. आता हजार किलोमीटरचा हिशेब करा. पहिलीत १०० लिटरचे ८० झाले, वाचले २०. दुसरीत ५० चे ३३ झाले, वाचले १७. म्हणून युरोपात उलटे मोजतात: १०० किलोमीटरला किती लिटर. वहीत तो आकडाही लिहावा. खिशाची भाषा तीच आहे.

आकडा वर-खाली का होतो

वर्षभराची नोंद झाली की तिचा आलेख काढा. मुलांकडून काढून घ्या, त्यांचाही अभ्यास होतो. रेषा सरळ येणार नाही आणि तिच्या चढउतारात तुमच्या घराचे वर्ष दिसेल.

एप्रिल-मेमध्ये रेषा खाली येते. हायब्रीडचा एसी बॅटरीच्या विजेवर चालतो. सिग्नलला इंजिन बंद असले तरी एसी वीज खातच असतो आणि बॅटरी उतरली की इंजिन पुन्हा सुरू होते. थंड देशांत उलट हिवाळा वाईट. अमेरिकी सरकारी माहितीप्रमाणे शून्याखाली सात अंशांवर हायब्रीडचे शहरातले ॲव्हरेज ३० टक्क्यांहून जास्त घसरू शकते. महाराष्ट्रात तेवढी भीती नाही.

छोट्या फेऱ्यांतही रेषा पडते. गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे इंजिन स्वतःला गरम करण्यासाठी चालते. दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलांना सोडून आलात तर निम्मा रस्ता त्यातच जातो. तोच बाजार, बँक आणि शाळा एका फेरीत उरकले तर आकडा सुधारतो.

ईदला गावी जाताना मात्र अनेकांना धक्का बसतो. "हायवेला तर जास्त द्यायला हवे ना?" साध्या गाडीचे तसे असते. हायब्रीडची कमाई थांबत-थांबत चालण्यात आहे. एक्सप्रेसवेवर ताशी शंभरने ब्रेक लागतच नाही, मग वीज कुठून जमा होणार? वर वाऱ्याचा विरोध आणि टपावरचे सामान. घाट उतरताना बॅटरी काही वेळातच भरते. त्यानंतर उताराची शक्ती वाया जाते.

आणि एक कारण गाडीबाहेरचे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल जून २०२२ मध्ये १० टक्के होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नुसत्या ऊर्जेचा हिशेब केला तर या बदलाने ॲव्हरेज तीन टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा तीन वर्षांपूर्वीची आणि आजची पाने ताडून पाहताना गाडीला किंवा चालवणाऱ्याला दोष देण्याआधी हेही लक्षात घ्या.

वही गाडीची नाडी

या सगळ्यामुळे तुलना करायची ती मे महिन्याची मे महिन्याशी. गेल्या मेमध्ये १९ होते, या मेमध्येही १९ आहेत, तर गाडी तंदुरुस्त आहे. पण तोच रस्ता, तोच मोसम असताना सलग तीन-चार टाक्या १७ वरच राहिल्या, तर काहीतरी बिघडते आहे. दिवा पेटण्याआधी वही सांगते.

आधी स्वस्त कारणे पाहा. टायरची हवा. ब्रेक कुठे घासत तर नाही ना. एअर फिल्टर तुंबलाय का. नुकतेच टायर बदलले असतील तर शेरा वाचा. कंपनीचे हलके फिरणारे टायर काढून दुसरे बसवले की आकडा उतरतो. हायब्रीडमध्ये एक खास जागा तपासायची: बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी. अनेक गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते आणि आपण नेमकी तिथेच पिशव्या, चादरी कोंबतो. जाळी धुळीने भरली की बॅटरी तापते आणि कामचुकार होते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर सर्व्हिस सेंटरला वही घेऊन जा. "ॲव्हरेज कमी झाले" या तक्रारीला "सगळ्यांचे असेच असते" हे उत्तर ठरलेले असते. तारीखवार चौदा महिन्यांची नोंद पुढे ठेवली की ते उत्तर देणे अवघड जाते. टोयोटा आपल्याकडे हायब्रीड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देते. मुदत संपायच्या आत दोष लक्षात येणे महत्त्वाचे आहे.

घ्यायची की नाही

आता ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी. समजा हायब्रीडला तीन लाख जास्त पडतात. तुमच्या शहरात साधी गाडी खरोखर १४ देते आणि हायब्रीड २१. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू. हजार किलोमीटरला साधीला ७१.४ लिटर, हायब्रीडला ४७.६. वाचले जवळपास २४ लिटर, म्हणजे २,४०० रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या घराला तीन लाख वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक लागतील. महिन्याला अडीच हजार चालणाऱ्याला सव्वाचार वर्षे. कर्ज काढले असेल तर व्याजही त्यात मिळवा.

म्हणजे निर्णय गाडी किती देते यापेक्षा तुम्ही किती चालता यावर ठरतो. आणि आपण महिन्याला किती चालतो हे बहुतेक घरांना नक्की ठाऊक नसते. "चालत असेल हजार-बाराशे" एवढ्यावर लाखांचा व्यवहार होतो. म्हणून माझे सांगणे असे की वही हायब्रीड घेतल्यावर नको, घेण्याआधी सुरू करा. आत्ताच्या जुन्या गाडीची सहा महिन्यांची नोंद ठेवा. मग शोरूममध्ये जा. तिथे समोरचा आकडे सांगेल, तेव्हा तुमच्याकडेही तुमचे आकडे असतील.

एक इशारा

या नादाला मर्यादा हवी. अमेरिकेत वेन गर्डेस नावाच्या गृहस्थाने २००४ च्या सुमारास 'हायपरमायलिंग' हा शब्द रूढ केला: थेंबाथेंबातून जास्तीत जास्त किलोमीटर काढण्याची कला. हळुवार ॲक्सिलरेटर, पुढचा सिग्नल ओळखून आधीच पाय काढणे, हे त्यातले धडे छानच. पण काही हौशी लोक वारा अडावा म्हणून ट्रकच्या अगदी मागे लागून गाडी चालवू लागले. ते जिवाशी खेळणे आहे. तसेच मेच्या उन्हात आजारी दादीला घेऊन जाताना आकड्यासाठी एसी बंद ठेवणे हा कंजूषपणा झाला.

मराठीतला 'किफायतशीर' हा शब्द आपल्याच घरातल्या 'किफायत'वरून आला आहे. त्याच्या मुळाशी अर्थ आहे पुरेसे होणे, भागणे. पेट्रोलचा हिशेब त्यासाठीच ठेवायचा.

येत्या वेळी पंपावर गेलात की टाकी फुल्ल करा, मीटरचा आकडा लिहून घ्या आणि वही गाडीच्या कप्प्यात पेनासकट ठेवा. लिहायचे काम घरातल्या एकाच्याच अंगावर टाका. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच नाही. दहा टाक्या झाल्या की एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा आणि आलेले उत्तर आम्हाला जरूर कळवा. सोबत रस्ता कोणता तेही लिहा.